भागरथाबाई काळ शिकल्या

इंग्रजीत काळ बारा आहेत हे भागरथाबाईंना मी सांगितलं नव्हतं. ते त्या कुठूनतरी ऐकूनच आल्या होत्या. वर्गात पहिल्या दिवशी त्यांनी अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला, चार बोटांची बारा पेरं मोजून दाखवली आणि म्हणाल्या, "इतकेच हायेत ना? मले इतकेच शिकवा. फळाफुलाची नावं नोको."

हे पंचावन्न सालातलं. नागपूरच्या महालातल्या एका मुलींच्या शाळेत दुपारी मोठ्या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. मी बावीस वर्षांची, इंटर झालेली, आणि ती माझी पहिलीच नोकरी. वर्गात चौदा-पंधरा बायका होत्या. कुणाला सही इंग्रजीतून करायची होती, कुणाला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायची होती. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आयाचं काम करणारी एक होती, तिला नर्स व्हायचं होतं. भागरथाबाई सगळ्यांत मोठ्या, पन्नाशीच्या पुढच्या. कोष्ट्याच्या घरातल्या. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दीर माग चालवायचा आणि या दोघी सासूसुना चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या. त्या कामाने त्यांच्या तर्जनीला एक बारीक खाच पडली होती आणि खडू धरला की तो नेमका त्या खाचेत बसायचा.

मराठी त्या आदल्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या. एबीसीडी शेजारच्या पोरीच्या पुस्तकातून गिरवली होती. पाटीवर लिहिलेलं वाक्य त्या वर्गात कधी पुसत नसत. लिहिलेली बाजू अंगापासून दूर धरून, पुसली जाऊ नये म्हणून हात ताठ ठेवून, त्या ती पाटी घरापर्यंत तशीच न्यायच्या. संध्याकाळी कांड्या भरताना पाटी समोर भिंतीला टेकवलेली असे. "आय ईट, आय एट, आय विल ईट." गल्लीतल्या बायका म्हणायच्या की भागरथीनं कुठलातरी गुरुमंत्र घेतला आहे.

काहून शिकता, असं वर्गातल्या एकीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक कागद वाचाचा हाये." कुठला कागद हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जमिनीचा, घराचा काहीतरी असेल असं मला वाटलं.

शिकवायला त्या सोप्या नव्हत्या. बाकीच्या बायका मी म्हणेन ते म्हणत. भागरथाबाई थांबवत. एकदा मी फळ्यावर लिहिलं, "आय अॅम ईटिंग, मी खात आहे." त्या म्हणाल्या, "म्हंजे मी खाऊन राहिली."

"खाऊन राहिली नाही, खात आहे. शुद्ध बोलायचं."

शिक्षिकांच्या वर्गात आम्हाला हेच सांगितलं होतं, की आधी बायकांची बोली सुधारा. भागरथाबाईंनी काही वाद घातला नाही. हळूच "खात आहे" म्हणाल्या, पण पाटीवर काही लिहिलं नाही.

पुढे तीन महिन्यांनी आम्ही "हॅव बीन ईटिंग"ला आलो. पुस्तकात त्याचं मराठी दिलं होतं, "मी सकाळपासून खात आलेली आहे." ते मी तीनदा वाचलं. कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटेना. मलाच ते नीट समजलेलं नव्हतं. मग भागरथाबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सकाळपासून खाऊन राहिली, आन् आता बी खाऊनच राहिली. तोंड थांबलं नाई. असंच ना?"

सगळा वर्ग एकदम हो म्हणाला. दवाखान्यातली आया म्हणाली, "मंग असं सांगा ना बाई." त्या दिवसापासून मी कुणाची बोली सुधारली नाही.

वर्ग सुटल्यावर भागरथाबाई मागे राहिल्या. त्यांनी विचारलं, "बाई, हॅज बीनच्या मांगं इंग लागलं म्हंजे ते चालूच हाये? बंद नाई झालं?"

"चालूच आहे."

"आजपर्यंत?"

"बोलणारा बोलतो आहे त्या घडीपर्यंत."

त्या दारापर्यंत गेल्या, चौकटीला हात लावून वळल्या. मग हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचे दात तेवढे दिसले आणि एकदम त्या खूप तरुण वाटल्या. पाटी ताठ धरून त्या घरी गेल्या.

आमचं घर त्यांच्या वस्तीला लागूनच होतं. मधे एक विहीर आणि दोन वळणं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्या भागात इंग्रजी येणारं माणूस म्हणजे तेच. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. कुणाची नोटीस, कुणाचा अर्ज, कुणाची तार, सगळं आमच्या ओट्यावर वाचलं जाई. बाबा नाही म्हणत नसत. फक्त त्यांची एक सवय मला लहानपणापासून विचित्र वाटायची. कचेरीत जायला कोष्ट्यांच्या गल्लीतून सरळ रस्ता होता, तरी ते विहिरीला वळसा घालून इतवारीकडून जात. उन्हातसुद्धा. आई विचारायची, तर म्हणत, "तेवढंच चालणं होतं."

वर्ग सुरू झाल्यावर एकदा जेवताना मी त्यांना सांगितलं की आपल्या मागच्या वस्तीतल्या एक भागरथाबाई येतात आणि त्यांना फक्त काळच शिकायचे आहेत.

बाबांचा हात ताटावर थांबला. "कोण भागरथाबाई?"

"मुलगा नामदेव कामठीच्या छावणीत भरती झाला होता म्हणतात. लढाईत गेला तो आलाच नाही."

बाबा हात धुवायला उठले. पण त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी ते विचारत, "कुठवर आलात?" मी सांगायची, साधा भूतकाळ झाला, आता भविष्यकाळ चालू आहे. मला बरं वाटायचं. माझ्या शिकवण्यात बाबांना रस आहे असं वाटायचं. एकदा ते म्हणाले, "ते पूर्ण काळ एवढ्यात नको घेऊस. त्यांना जड जाईल."

"त्यांनाच हवे आहेत, बाबा."

"हो, पण सावकाश घे," ते म्हणाले. त्यांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. मी ताटं उचलून परत आले तरी त्यांनी पान उलटलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात शाळेवर तपासणीसबाई आल्या. सडपातळ, चष्मा लावलेल्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी भागरथाबाईंना उठवलं आणि भविष्यकाळातलं कुठलंही एक वाक्य सांगायला सांगितलं. भागरथाबाई म्हणाल्या, "आय विल नो."

तपासणीसबाईंना वाटलं, त्या नाही म्हणताहेत. "व्हाय नो?" त्या हसत म्हणाल्या. वर्गही हसला. भागरथाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाटीवर के पासून सुरुवात करून तो शब्द लिहिला आणि पाटी वर धरली. मला कळेल. तपासणीसबाईंनी मान डोलावली, "व्हॉट विल यू नो?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या बाकाकडे गेल्या. भागरथाबाई मात्र पाटी तशीच धरून बराच वेळ उभ्या होत्या.

त्यांची सून यमुना कधीकधी त्यांना न्यायला यायची. सत्तावीस वर्षांची, उंच, अबोल. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. ती आत येत नसे, कडुनिंबाखाली थांबे. एकदा भागरथाबाईंनीच सांगितलं की उमरेडच्या एका बिजवराने तिला मागणं घातलं आहे. कोष्ट्यांत बाईचा दुसरा संसार लावता येतो, त्याला पाट म्हणतात. माणूस बरा होता, पण जातीतल्या पंचांनी विचारलं होतं, हिचा पहिला नवरा आहे की गेला, ते घरच्यांनी नक्की सांगावं.

"मी काय सांगू?" भागरथाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं सांगाचं नाई मले. आपल्या डोळ्यानं वाचीन, मंग सांगीन."

तेव्हा मला कळलं की कागद कशाचा आहे.

आणि मग त्या एकेक शब्द आणायला लागल्या. चित्र काढावं तसा उतरवून आणलेला, पाटीच्या कोपऱ्यात. एक दिवस "मिसिंग". मी सांगितलं, हरवलेला, बेपत्ता. त्या म्हणाल्या, "हॅज बीन मिसिंग. म्हंजे हरवून राहिला. अजून हरवूनच राहिला." त्या पुन्हा त्या दिवसासारख्या हसल्या. इंग लागलं म्हणजे चालू आहे, बंद झालेलं नाही, हे मीच शिकवलं होतं. पण ते कागद लिहिला त्या घडीपर्यंतचंच आहे हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

पुढच्या आठवड्यात "प्रिझ्यूम्ड" आणला. मी म्हटलं, "धरून चालणं. पुरावा नसला तरी तसं मानणं." त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. त्यानंतर एके दिवशी त्यांनी पाटीवर चार शब्द ओळीने लिहून आणले. "टु हॅव बीन किल्ड." पहिले तीन त्यांना येत होते. चौथ्यावर त्यांनी खाच पडलेलं बोट ठेवलं. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. "मारला जाणं."

"झालेलं? का होनार?"

"झालेलं."

त्यांनी मान हलवली. त्यांनी पाटी वर्गातच, लुगड्याच्या पदराने, पुसली. पाटी त्यांनी वर्गात पुसली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

चार दिवस त्या आल्या नाहीत. मी घरी काही बोलले नव्हते. रविवारी सकाळी बाबा ओट्यावर दाढी करून बसले होते आणि मी तांदूळ निवडत होते, तेव्हा भागरथाबाई आल्या. एकट्याच. त्यांनी पायरीवर चपला काढल्या. बाबा उभे राहिले. इतकी माणसं त्या ओट्यावर येत, पण बाबा कुणासाठी उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

त्यांनी कागद उलगडला. घड्यांवर तो विरला होता, मधून उजेड दिसत होता. त्या वाचायला लागल्या. प्रत्येक शब्दावर थांबत, बोट सरकवत, आमच्या वर्गात वाचायच्या तशाच. तुमचा मुलगा, जो चव्वेचाळीसच्या मार्च महिन्यापासून बेपत्ता आहे, तो लढाईत मारला गेला असं आता मानणं भाग आहे. "मस्ट नाऊ बी प्रिझ्यूम्ड टु हॅव बीन किल्ड." हे त्यांनी न थांबता एका दमात म्हटलं. घरी पुष्कळदा म्हटलं असावं.

मग त्यांनी विचारलं, "बाबूजी, माझं वाचनं बराबर हाये?"

बाबा म्हणाले, "बरोबर आहे."

"दहा वर्सं झाली. हाच कागद घेऊन मी ह्याच ओट्यावर आली होती. तुमी 'बेपत्ता हाये' म्हनून सांगतलं आन् कागद माह्या हातात देला. पुढचं काहून नाई वाचलं?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. बाबांना वळसा का घालावा लागत होता, ते कुठवर आलात म्हणून का विचारत होते, हे सगळं मला त्या क्षणी एकत्र समजलं, आणि त्यांच्याकडे बघवेना.

बाबा हळूहळू बोलले. "तुम्ही हात जोडून उभ्या होतात. ती पोरगी तुमच्या मागे, तुमचा पदर धरून. मी बेपत्ता म्हटलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, म्हंजे सापडल. मी हो म्हणालो. मला वाटलं, आज नको. महिन्याभराने येऊन सांगीन. महिन्याभराने मी गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तुम्ही दारात होतात. मला पाहून तुम्ही म्हणालात, बाबूजी, पत्र आलं का. मी परत फिरलो." ते थांबले. "मग कधीच आलो नाही."

भागरथाबाई रडल्या नाहीत, त्यांनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "माझं जाऊ द्या. तुमी पुरं वाचलं असतं तरी मी वाट पायलीच असती. दुसऱ्या कोनाले कागद दाखवला नाई मी, ते बी काहून ते मले मालूम हाये. पन ती सतरा वर्साची होती, बाबूजी. आज सत्तावीसची हाये."

"मला माफ करा," बाबा म्हणाले.

"मले नोको. तिले म्हना."

आणि त्या कागद घडी करून निघाल्या. बाबांनी कोट घातला. टोपी विसरले. मी त्यांच्या मागे गेले. दहा वर्षांनी त्यांनी त्या गल्लीत पाय ठेवला. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखट आवाज येत होता आणि बाबा मधोमध, खाली बघत, शाळेत उशिरा जाणाऱ्या मुलासारखे चालत होते.

यमुना दारात बसून कांड्या भरत होती. तिला सासूने आधीच सांगितलेलं होतं. बाबांनी तिच्यासमोर हात जोडले आणि सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती. चरख्याचं चाक तिने थांबवलं नाही. बाबांचं सांगून झाल्यावर म्हणाली, "बसा बाबूजी." बाबा बसले नाहीत.

मग ती म्हणाली, "तवाच कळलं असतं तर मी रडली असती. चार दिवस झाले, रडाले बसते आन् रडू येत नाई. त्याईचं तोंडच आठवत नाई मले आता. तेवढं वाईट वाटते." आणि धागा तुटला म्हणून तिने चाक थांबवलं, तोंडात दोरा ओला करून गाठ मारली.

बाबा त्यानंतर रोज त्याच गल्लीतून कचेरीत जायला लागले. भागरथाबाई दारात असल्या तर म्हणत, "राम राम बाबूजी." बाबा थांबून हात जोडत. बसा, असं मात्र त्यांनी बाबांना कधी म्हटलं नाही.

वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका यमुनेच्या बांगड्या फोडायला आल्या तेव्हा भागरथाबाईंनी त्यांना दारातच अडवलं. म्हणाल्या, "मरून बारा वर्सं होत आली त्याले. आता कोनासाठी फोडता? ह्या बांगड्या घालूनच ती उमरेडले जाईन." पंचांपुढे त्यांनी स्वतः तो कागद वाचला. आधी इंग्रजीत, मग मराठीत. पंचांतला एक म्हणाला, एखाद्या शिकलेल्या माणसाकडून खात्री करून घेऊ. भागरथाबाई म्हणाल्या, "शिकलेल्या मानसानंच मले दहा वर्सं बसवून ठेवलं." पंचांनी पाटाला हो म्हटलं.

पाट लागला त्या दिवशी मी गेले होते. मुलीच्या आईने जे जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. यमुना गाडीत बसताना त्यांच्या गळ्यात पडून इतकी रडली की गाडीवान खाली उतरून उभा राहिला. भागरथाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. "रड वं, रड," म्हणत होत्या. "आलं ना रडू? रड."

वर्गात त्या परत आल्या नाहीत. बारापैकी तीन काळ राहिले होते.

छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि नागपुरातल्या कचेऱ्या ट्रंकांसकट तिकडे निघाल्या. माझं लग्न झालं होतं आणि नवऱ्याची बदलीही त्यातच झाली. निघायच्या दिवशी बाबा स्टेशनवर आले होते. भागरथाबाईही आल्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या घेऊन. बाबा आणि त्या माझ्या डब्याच्या खिडकीशी उभे राहिले, दोघांत हातभर अंतर. यमुनेला दिवस गेल्याचं त्यांनी सांगितलं. बाळंतपणाला नागपूरलाच आणणार होत्या. मी विचारलं, एकटं कसं वाटतं. त्या म्हणाल्या, "काम असते बाई दिवसभर."

तेवढ्यात त्याच फलाटाच्या पलीकडच्या रुळावर कामठीकडून एक गाडी आली. सगळे शिपाईच होते. खिडक्याखिडक्यांतून खाकी बाह्या बाहेर आल्या, पाण्यासाठी सुरया पुढे झाल्या, हिंदीत हाका सुरू झाल्या. भागरथाबाई माझ्याशी बोलता बोलता थांबल्या. मग वळल्या आणि फलाट ओलांडून त्या गाडीकडे गेल्या.

पहिल्या खिडकीपाशी त्या उभ्या राहिल्या. मान वर करून आतल्या एकेकाचं तोंड बघितलं. मग दुसऱ्या खिडकीशी गेल्या. घाई नव्हती, कुणाला काही विचारत नव्हत्या. ती सगळी विशी-बाविशीतली पोरं होती. नामदेव असता तर पस्तिशीला आला असता. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

माझ्या गाडीने शिटी दिली. बाबांनी तिकडे एकदा बघितलं आणि माझ्या खिडकीच्या गजावर कपाळ टेकवलं. मी हाक मारली, "भागरथाबाई." त्यांना ऐकू गेलं नाही. गाडी हलली तेव्हा एक शिपाई बाहेर वाकून त्यांना विचारत होता, "माताजी, किसको ढूंढ रही हो?" त्यांनी मान हलवली, कुणाला नाही म्हणून, आणि पुढच्या खिडकीकडे गेल्या.